पत्ता अपूर्ण

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो तलम कागद असतो ना, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा, तो कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या गल्लीतले तात्या वाचतात. नुसते वाचत नाहीत, तपासतात. खोकल्याच्या औषधाबरोबर आलेल्या कागदावर 'घेण्यापूर्वी बाटली हलवावी' असं होतं. त्याच्या शेजारी तांबड्या पेन्सिलीनं 'किती वेळ?' असं लिहून ते कागद घेऊन दुकानात गेले. औषधवाला म्हणाला, "तात्या, खोकला वाढला काय?" तात्या म्हणाले, "खोकला थांबला. प्रश्न तसाच आहे."

तात्यांना लग्नाची पत्रिका द्यायला जाणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. वधू कोण, वर कोण, मुहूर्त किती वाजता, यात त्यांना रस नसतो. नजर थेट तळाला, पत्त्यावर. माझ्या आत्येभावाच्या पत्रिकेवर गावाच्या नावाआधी 'मु. पो.' छापलं होतं, आणि त्या गावात पोस्ट नव्हतं.

"मु. पो. म्हणजे मुक्कामही तिथंच आणि पोस्टही तिथंच," तात्या म्हणाले. "तुमचं पोस्ट शेजारच्या गावात. मु. वेगळा लिहायचा, पो. वेगळं लिहायचं. पत्रिका चुकली."

"पण तात्या, लग्न बरोबर आहे," आत्येभाऊ काकुळतीला येऊन म्हणाला.

"लग्न होईल की. मनिऑर्डरनं आहेर यायचा नाही."

तात्या मिरजेच्या आरएमएसमध्ये सॉर्टर होते. आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, हे आता सांगावं लागतं. रात्रीच्या गाडीला टपालाचा डबा, डब्याच्या भिंतीला कबुतरांच्या ढाबळीसारखे कप्पे, आणि त्या हलत्या डब्यात उभ्यानं पत्रं टाकत पहाटेपर्यंत पुणं गाठायचं. मिरजेचं टपाल तसंही सरळ नव्हतंच. इथल्या दवाखान्यांत निम्मे पेशंट कर्नाटकातले, त्यामुळं चिकोडी-अथणीची कन्नडमधली कार्डं, तंतुवाद्यवाल्यांना देशभरातनं येणारी सतार-तंबोऱ्याची पत्रं, आणि पलटणीतल्या पोरांना आयांनी लिहून घेतलेली '५६ एपीओ'ची आंतरदेशीय. तात्यांचा दावा असा, की पत्र हातात आल्यावर कप्प्यात जाईपर्यंत पत्ता वाचायला एका श्वासाहून जास्त वेळ मिळायचा नाही. म्हणजे औषधाच्या कागदावर ते आज जो वेळ घालवतात, तो नोकरीतला थकलेला वेळ आहे, असा माझा हिशेब.

त्यांच्या देवघरात नाही, पण देवघराच्या शेजारच्या भिंतीवर एक माणूस मनानं टांगलेला आहे: श्रीराम भिकाजी वेलणकर. पिनकोडाची कल्पना यांची. पद्धत सुरू झाली १५ ऑगस्ट १९७२ ला. वेलणकर संस्कृतचे कवी होते, आणि तात्यांच्या मते पिनकोड ही त्यांची सर्वांत चांगली कविता. सहा अक्षरी. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन मिळून वाटप करणारं पोस्ट. गल्लीत स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन झालं, की तात्या घरी जाऊन त्याच दिवसाचा दुसरा पेढा खातात. कुणी 'पिनकोड नंबर' म्हणालं तर मात्र तो पेढा कडू होतो. कारण पिनमधल्या 'न'मध्येच नंबर आहे.

आता मी. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम मिरजेत घरी बसून करतो. काय काम करतो ते घरात कुणाला नीट सांगता येत नाही. आई विचारणाऱ्यांना 'कॉम्प्युटरला मार्क देतो' असं सांगते, आणि ते जवळजवळ खरं आहे. हल्ली एआयचे 'एजंट' निघालेत. तुम्ही नुसतं सांगायचं, की माझ्या मावशीला पार्सल पाठव. मग एजंट आपल्या पदरी असलेल्या टूलांपैकी कुठलं वापरायचं ते ठरवतो, वापरतो, आणि चुकला तर अदबीनं माफी मागतो. टूलच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही. टूलसोबत लिहिलेल्या चार ओळी वाचून तो निर्णय घेतो. त्या चार ओळी म्हणजे डॉक्युमेंटेशन. ते बरं आहे की वाईट, हे सहा रकान्यांत एक ते पाच मार्क देऊन सांगणं म्हणजे माझी नोकरी. परवा माझ्या वाट्याला आलं पोस्ट ऑफिस शोधण्याचं टूल. पिनकोड घाला, पोस्ट मिळेल. नाव घाला, पिनकोड मिळेल. मी लॅपटॉप उचलला आणि तात्यांच्या ओट्यावर गेलो. ही चूक होती, पण पगारी चूक.

"एजंटांसाठी आहे," मी म्हणालो.

"आरडीच्या?"

पोस्टात महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत रबरबँड लावलेला पासबुकांचा गठ्ठा घेऊन येणाऱ्या बाई, हा तात्यांचा एजंट. मी म्हणालो, तसला नाही, हा मशीनमधला. "कमिशन किती घेतो?" नाही घेत. "मग करतो कशाला?" यावर माझ्या कंपनीकडंही उत्तर नाही, म्हणून मी पुढं गेलो. एजंट चार ओळी वाचतो, मग ठरवतो, असं सांगितल्यावर तात्यांनी चष्मा पुसला.

"वाचून काही कळलं नाही, तर लिहिणाऱ्याला परत विचारता येतं?"

"नाही."

"शेजारी कोण असतं का सांगणारं?"

"नाही."

"मग हे बॅगेचं लेबल झालं," तात्या म्हणाले. "रात्री दोनला दौंडला गाडी थांबते. हमालाच्या हातात बॅग. आत काय आहे ते त्याला बघायचं नसतं, बघायची परवानगीही नाही. लेबल वाचायचं आणि टाकायचं. लेबल चुकलं की बॅग सोलापूरला. वाच."

मी वाचलं. इंग्रजीत होतं, त्याचं मराठी इतकंच: पोस्ट ऑफिसची माहिती मिळवते. पिनकोड: पिनकोड. नाव: नाव. मिळणारे उत्तर: माहिती.

तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आत वळून म्हणाले, "अगं, डब्यावर डबा असं लिहून ठेव."

त्यानंतर दोन तास मी नुसता टाइप करत होतो. नाव म्हणजे कुणाचं नाव? गावाचं, की पोस्टाचं? देशात पोस्टं दीड लाखाच्या वर, पिनकोड एकोणीस हजारांच्या घरात; म्हणजे एका पिनच्या पदराखाली सरासरी आठ-नऊ पोस्टं, आणि प्रत्येक पोस्टाच्या पदराखाली कितीतरी गावं. माणूस गावाचं नाव सांगणार, यादीत असणार पोस्टाचं. मशीनला आत्येभावाच्या पत्रिकेची कथा कोण सांगणार?

"वडगाव घाल," तात्या म्हणाले. मी घातलं. "काही नाही? व्ही नको, डब्ल्यू घाल." डब्ल्यूनं वडगावांची रांग आली. हातकणंगल्याचं पेठ वडगाव, मावळातलं वडगाव, पुण्यातलं वडगाव बुद्रुक... "बुद्रुक कसं लिहिलंय? बीके. आणि खुर्द? केएच. हे एजंटाला माहीत आहे?" बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, आणि दोघांच्या मध्ये बहुतेक वेळा एक ओढा आणि दोन पिढ्यांचं भांडण. पत्रावर बुद्रुक लिहायचं राहिलं, तर खुर्दवाले ते परत पाठवतात, आणि तेही सावकाश. कुठलं स्पेलिंग चालतं, संक्षेप चालतो का, अर्धं नाव चालतं का, कशाचा पत्ता नाही.

"ही रांग कुठल्या क्रमानं लागली?"

मी पाहिलं. अक्षरानुक्रम नव्हता. पिनचाही नव्हता.

"तुझा एजंट यातलं कुठलं उचलणार?"

"बहुतेक पहिलं."

"लिही. ठळक लिही."

पुढं, यातली वाटप करणारी पोस्टं कुठली? काही पोस्टं खिडकीवर तिकिटं विकतात, ठेवी घेतात, पण वाटपाला पोस्टमन बाहेर काढत नाहीत. सरकारी यादीत हा रकाना आहे. टूलच्या उत्तरातही होता. वर्णनात मात्र त्याचा उल्लेखच नाही. जिल्ह्याचं नाव नवं की जुनं? पालघर २०१४ साली ठाण्यातनं वेगळा झाला. यादीला ते कळलंय का? छत्रपती संभाजीनगर विचारलं तर सापडतं, की औरंगाबादच म्हणावं लागतं, आणि म्हटलं तर बिहारमधलं औरंगाबाद मध्येच हात वर करतं का? "यादीवर तारखेचा शिक्का कुठाय?" तात्यांनी मला हे तीन वेळा विचारलं. तारीख नसलेला कागद त्यांच्या लेखी कागदच नसतो. परवा नातीनं काढलेल्या मोराच्या चित्राखालीसुद्धा त्यांनी तारीख घालून घेतली.

एक प्रश्न तर मला सुचला नसता. टूल पिनकोड आकडा म्हणून मागत होतं, अक्षरं म्हणून नाही. "बेरीज करायची आहे का पिनकोडांची?" तात्यांनी विचारलं. त्यांची मुलगी बॉस्टनला असते. तिथला झिपकोड शून्यानं सुरू होतो. जावयानं नातेवाइकांची यादी एक्सेलमध्ये केली, एक्सेलनं शून्य गिळलं, आणि भाजणीचं पार्सल कित्येक आठवडे कुठं होतं ते अमेरिकेलाच ठाऊक. आपल्याकडं कुठलाच पिन शून्यानं सुरू होत नाही, हे मी दाखवून दिलं. "वेलणकरांची कृपा," तात्या म्हणाले, "टूलवाल्यांची नव्हे."

मग आलो चुकांच्या रकान्यावर. मी एक खोटा पिनकोड घातला. उत्तर आलं, 'एरर'. तात्यांनी ५६ एपीओचा, नऊनं सुरू होणारा एक पिन घालायला लावला. 'एरर'. मग घरातल्या इंटरनेटचा डबा बंद करायला लावला. 'एरर'.

इथं तात्या उठून उभे राहिले. माणूस रागानं उठतो तसे नाही; राष्ट्रगीत लागल्यावर उठतो तसे.

"अरे, पोस्टमन परत आणलेल्या पाकिटावर काय लिहितो? घर बंद. मालक घेत नाही. गाव सोडून गेले. अशा नावाचा इसम येथे राहत नाही. पत्ता अपूर्ण. मयत. प्रत्येकाचा अर्थ वेगळा, आणि पुढं काय करायचं तेही वेगळं. घर बंद असलं तर उद्या परत जायचं. मालक घेत नसला तर उद्या जायचं नाही. मयत असला तर कधीच जायचं नाही. तुझ्या टूलनं या सगळ्यांना एकच शेरा मारलाय. उद्या एजंट मयताच्या दारात रोज सकाळी जाऊन कडी वाजवणार!"

हे मात्र शंभर टक्के खरं आहे. एजंट अगदी हेच करतो. 'एरर' आला की तोच पिन घेऊन पुन्हा जातो, पुन्हा जातो. आमच्या धंद्यात याला मोठं इंग्रजी नाव आहे, पण मयताच्या कडीइतकं ते लक्षात राहत नाही. आकडा चुकीचा आहे, आकडा बरोबर आहे पण माझ्या यादीत नाही, किंवा यादी उघडताच येत नाही: हे तीन शेरे वेगळे पाहिजेत, एवढं वाक्य मी अहवालात घातलं आणि कंपनीतल्या आमच्या मॅडमना ते फार आवडलं. मी ते माझं म्हणूनच पाठवलं होतं.

मार्क द्यायची वेळ आली, तेव्हा तात्यांनी आमच्या कंपनीचाच तक्ता हातात घेतला. "एक म्हणजे सर्वांत वाईट, की पहिला नंबर? कुठं लिहिलंय? 'स्पष्टता' आणि 'सुस्पष्टता' असे दोन रकाने का?" टूलला सहाही रकान्यांत एकेक मिळाला, तोही शून्य द्यायची सोय नव्हती म्हणून. आमच्या तक्त्याला त्यांनी दोन दिले, आणि ते अहवालाच्या समासात लिहायला लावले.

मी लॅपटॉप मिटत होतो तेवढ्यात ते आतनं एक कात्रण घेऊन आले. टूल फक्त सहा आकडी पिनकोड घेत होतं. तात्यांनी कात्रण पुढं केलं. अंटार्क्टिकावर भारताचं पोस्ट १९८४ पासून आहे, दक्षिण गंगोत्रीला उघडलेलं, आणि ते आपल्या गोवा विभागाच्या हाताखाली! २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या भारती केंद्रावर नवीन पोस्ट उघडलं, त्याला प्रायोगिक पिन दिला तो एमएच-१७१८. दोन अक्षरं आणि चार आकडे.

"तात्या, अंटार्क्टिकाला पार्सल कोण पाठवणार?"

"आम्ही असं कधी विचारलं नाही," तात्या म्हणाले. मला खरोखर लाज वाटली, आणि मी एमएच-१७१८ घालून पाहिला. 'एरर'.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तात्या आमच्या दारात. हातात फुलस्केपचे अकरा कागद, दोरीनं ओवलेले. टूलचं वर्णन कसं पाहिजे ते त्यांनी रात्रीत लिहून काढलं होतं. सुरुवात टपाल खात्याच्या स्थापनेपासून. दुसऱ्या पानावर वेलणकर. चौथ्यावर ४१५ च्या पिनांत सातारा आणि रत्नागिरी का एकत्र आले, आणि ४१६ मध्ये कोल्हापूर-सांगलीबरोबर सावंतवाडी-कुडाळ का आलं, त्याचा गाड्यांच्या आणि घाटांच्या हिशेबानं खुलासा. सहाव्यावर २०२५ मध्ये आलेल्या डिजिपिनवर टीका: दहा अक्षरी, देशाचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडलेले. 'माझ्या घराला तीन डिजिपिन पडतील, आणि तिन्हींत पोस्टमन हाक मलाच मारील.' आठव्या पानावर 'अपवाद', नवव्यावर 'अपवादांचे अपवाद'. शेवटी सही, तारीख, आणि कंसात 'निवृत्त'.

वाचायला सुंदर. पण एजंटापुढं एका वेळी पन्नास टूलांची वर्णनं असतात. प्रत्येकानं अकरा पानं धाडली, तर तो पोस्ट सोडून हवामानाचं टूल वापरायला लागेल. हे त्यांना कसं सांगावं, याचा विचार करत मी चहा दोनदा गरम केला. मग म्हणालो, "तात्या, दौंडचा हमाल अकरा पानं वाचेल काय?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. कागदांकडं पाहिलं. "लेबल म्हणालो होतो नाही मी?" मग माझ्याच पेनानं, माझ्याच विजेच्या बिलाच्या पाठीमागं त्यांनी लिहिलं, एका श्वासात:

'भारतीय पिनकोडावरून त्या पिनखालची सगळी पोस्टं देतं, किंवा पोस्टाच्या नावावरून पिन देतं. नाव पोस्टाचं पाहिजे, गावाचं नव्हे. एकाहून जास्त नावं आली तर पहिलं उचलू नये; तालुका, जिल्हा विचारावा. नऊनं सुरू होणारे पिन लष्कराचे. इथं शोधू नयेत. यादीची तारीख: ______.'

मॅडमनी ते जसंच्या तसं इंग्रजीत करून टूलवाल्यांना धाडलं. आणि एवढ्यावर न थांबता, तात्यांना कंपनीतर्फे काही भेट पाठवायची म्हणून त्यांचा नंबर माझ्याकडनं घेऊन त्यांना थेट फोन केला. मी तेव्हा तिथं नव्हतो. पुढचं मला मॅडमकडनं कळलं ते असं:

"सर, तुमचा पत्ता सांगता?"

"मिरज. तात्या म्हणून विचारा, कुणीही सांगेल."

"सर, घर नंबर, गल्ली...?"

"पोस्टमन ओळखतो मला."

"पिनकोड तरी?"

"पिनकोड? तुमच्याकडं टूल आहे की!"

मॅडमनी बिचाऱ्यांनी टूलला मिरज विचारलं. आमचा शेरा टूलवाल्यांपर्यंत अजून पोचायचा होता. मिरज तालुक्यातल्या पोस्टांची रांग आली, कुठल्या क्रमानं ते टूललाच ठाऊक, आणि कंपनीच्या एजंटानं त्यातलं पहिलं उचललं. पार्सल आरगला गेलं. आरगेत तात्या पुष्कळ आहेत. तीन तात्यांनी ते आपलं नसल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं, चौथ्यानं हलवून पाहिलं आणि मग सांगितलं. पार्सल पुण्याला परत. दिवाळीच्या आधी मी कंपनीत गेलो, तेव्हा ते माझ्या हाती दिलं गेलं, आणि मी एसटीनं मांडीवर घेऊन ते मिरजेला आणलं.

तात्यांनी ते उघडलं नाही. आधी उलटं करून पाहिलं. कागदावर, निळ्या बॉलपेननं, कुणीतरी आडवं लिहिलं होतं: 'पत्ता अपूर्ण'.

त्यांनी चष्मा वर केला, अक्षर डोळ्यांजवळ नेलं, त्यावरनं अंगठा फिरवला.

"शेरा बरोबर मारलाय," ते म्हणाले. "काना-मात्रासुद्धा जागच्या जागी. नवीन पोरगा असणार, पण शिकलेला." मग पार्सल चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, आणि कपाळावर आठी आली. "तारीख नाही घातली. पाचातले चार."